बाबांना तोंड उघडायला सांगा

बंगळूरच्या उत्तरेला हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडून विमानतळाकडे निघाले, की रुग्णालयांच्या आणि प्रयोगशाळांच्या पाट्या डोळ्यांत भरू लागतात. ‘संपूर्ण शरीर तपासणी’, ‘चाळिशीनंतरची तपासणी’, ‘खास पुरुषांसाठी’, ‘कॅन्सर पॅकेज’. आसपासच्या संगणक कंपन्यांमध्ये नोकरी करणाऱ्यांना वर्षातून एकदा अशी तपासणी कंपनीच्या खर्चाने मिळते. शनिवारी सकाळी उपाशी पोटी जायचे, रक्त द्यायचे, पट्ट्यावर चालायचे, पोटाची सोनोग्राफी करायची आणि शेवटी मिळणारा उपमा आणि कॉफी घेऊन घरी यायचे. चार दिवसांनी जाडजूड फाइल येते. नवरा ती चाळतो, कोलेस्टेरॉलच्या आकड्याशी थोडा थबकतो आणि ‘सगळे नॉर्मल आहे’ असे सांगून फाइल कपाटात ठेवून देतो.

त्या फाइलमध्ये सीईए, सीए १९-९, एएफपी अशा नावांचे आकडे असतात. कर्करोग शोधणाऱ्या चाचण्या म्हणून पॅकेजमध्ये त्यांची किंमत लावलेली असते. पण ज्या एका तपासणीने भारतीय पुरुषाचा जीव वाचू शकतो हे भारतातच सिद्ध झाले आहे, ती त्या फाइलमध्ये बहुधा नसते. तिला रक्त लागत नाही, यंत्र लागत नाही. लागते ती एक बॅटरी आणि उघडलेले तोंड. घरच्या गृहिणीने नवऱ्याला एवढेच विचारून पाहावे, ‘अहो, तिथल्या डॉक्टरांनी तुमचे तोंड आतून पाहिले का हो?’ बऱ्याच घरांतून ‘नाही बुवा’ असेच उत्तर येईल.

पूर्वीच्या बाजारात बैल घेताना शेतकरी आधी त्याचे तोंड उघडून दात पाहायचा. हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यालाही जनावर तपासताना तोंडात पाहायला शिकवले जाते. माणसाच्या बाबतीत मात्र रक्ताच्या चार नळ्या भरून घेतल्या की काम झाले, असा समज पसरला आहे.

तपासणी म्हणजे नेमके काय?

काही त्रास होतो म्हणून डॉक्टरांकडे जाणे वेगळे आणि काहीही त्रास नसताना दडलेला आजार शोधण्यासाठी जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला चाळणी तपासणी म्हणतात. हा फरक समजला नाही तर दोन्हीकडून नुकसान होते. शौचातून रक्त जाते आहे, लघवी अडते आहे, आवाज महिनाभर बसला आहे, अशा माणसाने ‘पुढच्या वर्षीच्या पॅकेजमध्ये बघू’ म्हणणे धोक्याचे. त्याने त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटायला हवे. उलट, धडधाकट माणसाने दिसेल ती चाचणी करून घेणे हेही शहाणपणाचे नाही.

चाचणी केली तर बिघडले कुठे, असे अनेकांना वाटते. बिघडते ते असे. कोणतीही चाचणी काही निरोगी माणसांनाही ‘संशयित’ ठरवते. मग सीटी स्कॅन, मग तुकडा काढून तपासणे, मधल्या काळात घरभर पसरलेली धास्ती आणि बँकेतून काढलेले पैसे. शेवटी ‘काही नाही’ असे निघते, पण तोवर माणूस अर्धा झालेला असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर या दोघांनी मांडलेले निकष प्रसिद्ध केले. त्यातले मुख्य म्हणणे असे, की आजार महत्त्वाचा हवा, तो लवकर सापडल्याने खरोखर फायदा व्हायला हवा, चाचणी लोकांना सोसेल अशी हवी आणि पुढच्या उपचाराची सोय हवी. या निकषांवर पुरुषांच्या फार थोड्या तपासण्या टिकतात.

सीईए आणि सीए १९-९ त्यांत नाहीत. कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाचा उपचार कसा चालला आहे, आजार उलटतो आहे का, हे पाहायला त्यांचा उपयोग होतो. पण सिगारेट ओढणाऱ्या धडधाकट माणसाचे सीईएही वाढलेले असू शकते, आणि पित्ताचा मार्ग अडला तर सीए १९-९ वर जाते. उलट कर्करोग असूनही हे आकडे सरळ येऊ शकतात. एएफपीलाही सरसकट सगळ्यांसाठी अर्थ नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी मुळे वा दारूमुळे ज्यांचे यकृत कडक झाले आहे, त्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि जोडीला ही चाचणी सांगतात. तो वर्गच वेगळा. बाकीच्यांनी या आकड्यांचे पैसे वाचवावेत.

बॅटरीच्या उजेडात

आता हेब्बाळच्या एखाद्या सदनिकेत राहणारे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणू. मूळचे निपाणीकडचे. आजोबा त्र्याहत्तर वर्षांचे, मुलगा सत्तेचाळीस, नातू तेवीस. निपाणी म्हणजे तंबाखूचे गाव. विडीच्या तंबाखूवर तिथली बाजारपेठ उभी राहिली आणि १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांचे मोठे आंदोलनही तिथेच झाले. आजोबांच्या कनवटीला चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी जन्मभर असायची. मुलाने विडी-तंबाखू कधी शिवली नाही, पण कॉलेजात गुटखा लागला, तो सुटला तर आता जेवणानंतर सुपारी. नातवाला यातले काहीच नाही, निदान घरच्यांना तसे वाटते.

अशा घरात पहिला प्रश्न तोंडाचा. जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील एक लाखाहून अधिक पुरुषांना ओठांचा आणि तोंडाचा कर्करोग नव्याने झाला. भारतीय पुरुषांत याच कर्करोगाचा क्रमांक पहिला लागतो. पाश्चात्त्य देशांतली यादी वेगळी असते, तिथे प्रोस्टेट आणि फुफ्फुस पुढे असतात. म्हणून परदेशी छापाची पॅकेजे जशीच्या तशी इथे आणली, की तोंड मागे राहते.

या आजाराची एक गोष्ट मात्र माणसाच्या बाजूची आहे. तो बहुतेक वेळा उघड्यावर वाढतो. पोटातल्या गाठीसारखा दडून बसत नाही. गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा उठतो. तो दुखत नाही, म्हणून त्याकडे कुणी पाहत नाही. हा चट्टा अनेकांत वर्षानुवर्षे तसाच राहतो, काहींत त्याचा कर्करोग होतो. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांत आणखी एक प्रकार दिसतो. गालाची आतली त्वचा पांढुरकी, ताठ होत जाते, तिखट झोंबू लागते आणि तोंड पुरते उघडत नाही. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर डॉक्टरांकडे जायला हवे. ‘सुपारीत तंबाखू कुठे आहे’ असे म्हणणाऱ्यांसाठी सांगायचे, तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या आपल्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. सत्यनारायणाच्या पूजेतली सुपारी देवापुढेच राहिलेली बरी.

तोंड पाहण्याने मृत्यू टळतात, हे कशावरून? त्याचा पुरावा केरळमधून आला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील तेरा पंचायतींमध्ये १९९६ पासून हा प्रयोग झाला. पस्तीस वर्षांवरील जवळजवळ एक लाख ब्याण्णव हजार लोक त्यात होते. सात पंचायतींत प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन दर तीन वर्षांनी लोकांची तोंडे उजेडात पाहत. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. संशयास्पद दिसले, की डॉक्टरांकडे पाठवत. बाकीच्या सहा पंचायतींत नेहमीप्रमाणे चालू राहिले. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या लोकांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या पंचायतींत ३४ टक्क्यांनी कमी होते. सवय नसलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. म्हणजे ही तपासणी कुणासाठी अधिक गरजेची, हेही त्यातून कळले.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये याच आधारावर आराखडा काढला. तीस ते पासष्ट वयाच्या सर्व स्त्री-पुरुषांचे तोंड दर पाच वर्षांनी सरकारी आरोग्य केंद्रात पाहावे, असे त्यात म्हटले आहे. स्त्रियांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी त्याच आराखड्यात आहे. पुरुषासाठी त्यात कर्करोगाची तपासणी एकच आहे आणि ती तोंडाची. हे वाक्य वाचून अनेकांना नवल वाटेल, कारण सरकारी केंद्राची पायरी चढण्याची पद्धत मध्यमवर्गीय घरांत उरलेली नाही. बंगळूरमध्ये वॉर्डावॉर्डांत ‘नम्म क्लिनिक’ नावाचे मोफत दवाखाने निघाले आहेत. हेब्बाळला १९७३ पासून चालत आलेले बॅप्टिस्ट हॉस्पिटल आहे. आणि यातले काहीच नको असेल, तर दाढ दुखते म्हणून ज्या दंतवैद्याकडे जातो, त्यालाच सांगावे की सगळे तोंड नीट पाहा. महाराष्ट्रातून नव्याने बंगळूरला आलेल्यांसाठी एक गंमत सांगून ठेवायला हवी. कन्नडमध्ये तोंडाला ‘बायि’ म्हणतात. दवाखान्यात परिचारिका ‘बायि, बायि’ करू लागली, तर ती कुणा बाईला हाक मारत नसते.

ज्यांना तंबाखूची सवय आहे, त्यांनी पाच वर्षे थांबू नये. दर वर्षी एकदा डॉक्टरांना तोंड दाखवावे आणि महिन्यातून एकदा आरशासमोर स्वतः पाहावे. चूळ भरून, बॅटरी घेऊन, आधी ओठ उलटून, मग दोन्ही गाल बोटाने ओढून, मग जीभ वर, डावीकडे, उजवीकडे. दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, चट्टा, गाठ, हलणारा दात, मानेतली गाठ, यांतले काहीही दिसले तर ‘तोंड आले असेल’ म्हणून बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खात बसू नये. आजोबांच्या बाबतीत आणखी एक. त्यांची कवळी काढून ठेवून मगच तोंड पाहावे. कवळी घासून झालेली जखम आणि दुसरी जखम यांतला फरक घरच्यांना कळत नाही. कवळी चार दिवस न घालताही जखम भरली नाही, तर दाखवायलाच हवी. सरकारी आराखडा पासष्टला थांबतो, म्हणून सत्तरीतला तंबाखू खाणारा माणूस सुरक्षित होत नाही.

महाराष्ट्राने या आजाराची दोन रूपे राजकारणाच्या व्यासपीठावर पाहिली आहेत. शरद पवार यांना २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले आणि त्यानंतर दोन दशके ते सार्वजनिक जीवनात वावरले. आपल्याला गुटख्याची सवय होती हे त्यांनी जाहीर सभांतून लपवले नाही. आर. आर. पाटील यांनाही हाच आजार झाला. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. ज्या राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, त्या राज्याचे ते गृहमंत्री होते. कर्नाटकाने २०१३ मध्ये बंदी आणली. तरी दोन्हीकडे पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत अशी विक्री सुरू झाली आणि गिऱ्हाईक दोन्ही पुड्या तोंडातच मिसळू लागले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातले ४२ टक्क्यांहून अधिक पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात असे दिसले.

नातवाचे काय?

तेवीस वर्षांच्या मुलासाठी कर्करोगाची नियमित तपासणी अशी कोणतीच नाही, आणि त्याच्या नावाने घेतलेले पॅकेज म्हणजे पैशांचा चुराडा. पण या वयाचा एक कर्करोग आहे, ज्याचे नाव घरात उच्चारले जात नाही. तो वृषणाचा. पंधरा ते पस्तीस या वयात तो अधिक आढळतो. भारतात त्याचे प्रमाण कमी आहे आणि दर महिन्याला हाताने तपासून पाहण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, म्हणून त्याचे अवडंबर नको. मात्र अंघोळीच्या वेळी न दुखणारी गाठ लागली किंवा एक बाजू जड, मोठी वाटली, तर लाजून गप्प बसायचे नाही, एवढे त्या मुलाला कुणीतरी सांगितले पाहिजे. आई सांगू शकत नसेल तर वडिलांनी, वडिलांना जमत नसेल तर मामाने. ज्याचे वृषण लहानपणी खाली उतरले नव्हते, त्याच्या आईवडिलांनी ही गोष्ट त्याला मुद्दाम सांगावी, कारण त्याला धोका इतरांपेक्षा अधिक असतो आणि त्याला स्वतःला ते आठवत नसते.

युवराज सिंगचे उदाहरण या मुलांना पटते. २०११ च्या विश्वचषकात मालिकावीर ठरलेला हा खेळाडू स्पर्धेभर खोकत होता. त्याला झालेली गाठ वृषणात नव्हती, छातीत दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत होती, पण तिच्या पेशी त्याच जातकुळीतल्या होत्या. २०१२ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला डॉक्टर लॉरेन्स आइनहॉर्न यांच्याकडे त्याच्यावर केमोथेरपी झाली. सिसप्लॅटिन या औषधाने वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगावरही मात करता येते, हे १९७० च्या दशकात दाखवून देणारे हेच डॉक्टर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युवराज पुन्हा भारताकडून खेळला. बरा होणारा आजार लाजेपायी उशिरा दाखवला जावा, याइतके वाईट काही नाही.

‘मूळव्याधच असेल’

सत्तेचाळिशीचा मुलगा आता मधल्या टप्प्यावर आला. मोठ्या आतड्याचा कर्करोग त्याच्या वयापासून लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०२१ मध्ये या तपासणीचे वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणले. शौचातील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी ‘फिट’ नावाची चाचणी दर वर्षी किंवा दुर्बिणीने आतड्याची तपासणी दहा वर्षांनी एकदा, असे पर्याय त्यांनी दिले. भारतात या आजाराचे प्रमाण तिकडच्या तुलनेत कमी आहे आणि सरकारी कार्यक्रमात ही तपासणी नाही. म्हणून धडधाकट, घराण्यात कुणाला हा आजार नसलेल्या माणसाने लगेच दुर्बीण घालून घ्यावी असे नाही. डॉक्टरांशी बोलून ‘फिट’ करून घ्यायला मात्र हरकत नाही. वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर हिशेब बदलतो. तेव्हा चाळीस वर्षे किंवा त्या नातेवाइकाला झाला त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हापासून दुर्बिणीची तपासणी सांगतात. वडिलांना पंचेचाळिसाव्या वर्षी झाला असेल, तर मुलाने पस्तिसाव्या वर्षी डॉक्टरांना भेटायचे.

पण आपल्याकडची खरी अडचण तपासणी न करण्याची नाही, रक्त दिसूनही न सांगण्याची आहे. शौचाला रक्त पडले, की पुरुष स्वतःच निदान करतो, ‘मूळव्याध असेल.’ मग इसबगोल, मग कुणीतरी सांगितलेला सुरणाचा उपाय, मग रस्त्याकडेच्या पाटीवरचा वैद्य. वर्ष-दोन वर्षे जातात. बायकोला पत्ता नसतो. खूपदा ती मूळव्याधच असते हेही खरे, पण ती मूळव्याधच आहे हे डॉक्टरांनी बोटाने आणि नळीने पाहिल्यावर ठरते, बाथरूममध्ये ठरत नाही. शौचाच्या सवयीत पडलेला फरक, कारण नसताना घटलेले वजन, पुरुषात दिसलेला रक्तक्षय, या गोष्टी जोडीला असतील तर एक दिवसही वाया घालवू नये. पुरुषाचे हिमोग्लोबिन अकारण घसरले तर ते कुठून गळते आहे हे शोधायचे असते. लोहाच्या गोळ्या देऊन तो आकडा वर आणला, की खूण पुसली जाते.

पीएसएचा गुंता

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांच्या पॅकेजमध्ये पीएसए हटकून असते. प्रोस्टेट ही मूत्राशयाखाली असलेली ग्रंथी. वयाबरोबर ती वाढते, रात्री दोन-तीनदा उठावे लागते, धार बारीक होते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पीएसए हे त्या ग्रंथीत तयार होणारे प्रथिन आहे. ग्रंथी नुसती वाढली, तिला सूज आली, लघवीचा संसर्ग झाला, तरी त्याचा आकडा चढतो. ४ च्या वर आकडा दिसला की घराचे धाबे दणाणते.

या चाचणीबद्दल जगभरच्या डॉक्टरांत जेवढा वाद झाला तेवढा क्वचितच दुसरीबद्दल झाला असेल. प्रोस्टेटच्या प्रतिजनावर १९७० मध्ये काम करणारे रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून तिच्या सरसकट वापरावर कडक टीका केली. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०१२ मध्ये ही तपासणी नकोच म्हटले, २०१८ मध्ये पंचावन्न ते एकोणसत्तर या वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावे असे म्हटले, आणि सत्तरीनंतर नको हे कायम ठेवले. युरोपात लाखाहून अधिक पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे तेवीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. त्यानुसार ४५६ पुरुषांना तपासणीला बोलावले तर प्रोस्टेटच्या कर्करोगाचा एक मृत्यू टळतो, आणि त्या एकासाठी एरवीपेक्षा १२ जास्त पुरुषांच्या माथी कर्करोगाचे निदान येते. त्यांतल्या काहींचा आजार इतका संथ असतो, की न कळता त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते. कळल्यावर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार होतात. लघवीवरचा ताबा जाणे आणि वैवाहिक सुखात अडचण येणे, हे त्यांचे संभाव्य परिणाम. पूर्वीइतक्या घाईने आता शस्त्रक्रिया करत नाहीत. कमी धोक्याच्या गाठीवर नुसती नजर ठेवतात.

तर मग करायचे काय? आजोबांना लक्षणे नसतील तर त्यांच्या त्र्याहत्तराव्या वर्षी पीएसए करू नये. मुलाच्या बाबतीत अजून सात-आठ वर्षांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. वडिलांना किंवा भावाला कमी वयात हा कर्करोग झाला असेल, तर ही बोलणी पंचेचाळिशीच्या आसपासच करावीत. आकडा एकदा वाढलेला दिसला तर आधी संसर्ग नाही ना ते पाहून काही आठवड्यांनी पुन्हा करावा, लगेच सुईच्या तपासणीला धावू नये. मात्र पाठीच्या हाडांत सतत दुखते आहे, लघवीत रक्त आहे, अशा वृद्धाला ‘सत्तरीनंतर पीएसए नको’ हा नियम लागू नाही. तिथे चाळणी संपते आणि निदान सुरू होते.

छातीचा एक्स-रे पुरेसा नाही

फुफ्फुसाच्या कर्करोगाची तपासणी हवी असेल तर पॅकेजमधला छातीचा एक्स-रे उपयोगाचा नाही. अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात एक्स-रेने मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी त्रेपन्न हजारांहून अधिक लोकांच्या दुसऱ्या अभ्यासात कमी किरणांच्या सीटी स्कॅनने फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हा स्कॅन सर्वांसाठी नाही. पन्नास ते ऐंशी वयाचा, रोज वीस सिगारेटी याप्रमाणे वीस वर्षे ओढलेला, अजून ओढणारा किंवा सोडून पंधरा वर्षे न झालेला, असा माणूस तिकडच्या नियमात बसतो. विडी ओढणाऱ्यासाठी असे कोष्टक कुणी दिलेले नाही, डॉक्टरांनीच ते जुळवायचे. आपल्याकडे आणखी एक अडसर आहे. जुन्या क्षयाचे व्रण फुफ्फुसात गाठीसारखे दिसतात आणि निष्कारण घबराट उडते. त्यामुळे हा स्कॅन करण्याआधी छातीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि पूर्वी क्षय झाला असेल तर जुने एक्स-रे बरोबर न्यावेत. ओढणे चालू ठेवून दर वर्षी स्कॅन काढणाऱ्याची कीव करावी तेवढी थोडी.

कंपनीच्या तपासणीची तारीख पुढच्या वेळी आली, की घरच्यांनी तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. घराण्यात कुणाला कोणता कर्करोग कोणत्या वयात झाला, तंबाखू, सुपारी, दारू किती वर्षे आणि किती, आणि पूर्वी कावीळ किंवा क्षय झाला होता का. ‘काही नाही’ असे तिथल्या तक्त्यावर पुरुष सवयीने लिहून मोकळा होतो, म्हणून कागद बायकोच्या अक्षरात असलेला बरा. वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर बसल्यावर तोंड पाहायला सांगावे. त्याला काही संशय आला तर पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा थेट कर्करोग रुग्णालय. बंगळूरला होसूर रस्त्यावर किडवाई कर्करोग संस्था आहे, मुंबईत टाटा आणि सोलापूरकडच्यांना बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय. तोंडाच्या तपासणीसाठी उपाशी पोटी जावे लागत नाही. चूळ मात्र नीट भरून जावे, तंबाखूचा डाग आणि चट्टा यांत गोंधळ होतो.